झुलीखालचा हात

‘झूल’ हा शब्द कानावर पडताच तुमच्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पोळ्याचा बैल उभा राहील. पाठीवर आरशांची आणि गोंड्यांची रंगीत झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळ. एखाद्याला मिरवणुकीतला हत्ती आठवेल, एखाद्याला वरातीतला घोडा. मराठी माणसाच्या मनात झूल ही शोभेची वस्तू आहे, आणि भाषेतही आपण तिचा उपयोग त्याच अर्थाने करतो. कुणी अंगी नसलेला मोठेपणा मिरवू लागला, की त्याने विद्वत्तेची झूल पांघरली आहे, असे आपण म्हणतो. वरून चढवलेले आणि आतल्याशी काही संबंध नसलेले असे जे काही, ते झूल, हा अर्थ या प्रयोगात गृहीत धरलेला असतो.

मात्र या शब्दाला आणखी एक अर्थ आहे आणि तो शोभेचा नाही. थंडीच्या दिवसांत ठाणावर बांधलेल्या घोड्याच्या अंगावर रात्री जे जाड पांघरूण घालतात, तीही झूलच. आजच्या पागांमध्ये तिला ‘रग’ किंवा ‘ब्लँकेट’ म्हणतात. जुनी माणसे अजून झूल म्हणतात. तुमच्याशी आज बोलायचे आहे ते या दुसऱ्या झुलीविषयी. ती निवडायची कशी, घालायची केव्हा, काढायची केव्हा आणि ती अंगावर असताना तिच्याखाली काय चालले आहे हे ओळखायचे कसे, हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. दुसऱ्याची थंडी आपण कशी जाणतो, असा एक मोठा प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे.

पागेशी माझा संबंध आला तो शब्दांमुळे. भाषाविज्ञानाच्या अभ्यासात तुम्ही ‘व्यवसायबोली’ ही संज्ञा वाचली असेल. सोनार, कुंभार, कोळी, विणकर यांची आपापली शब्दसंपत्ती असते आणि ती त्या त्या कामाबरोबर जगते किंवा मरते. घोडा सांभाळणाऱ्यांची बोली आता फार थोड्या ठिकाणी ऐकू येते, म्हणून ती टिपून घ्यावी या हेतूने काही वर्षांपूर्वी मी पुण्याच्या पूर्वेकडील एका घोडेस्वारी शाळेच्या पागेत जाऊ लागलो. वहीत शब्द साठू लागले : लगाम, जीन, तंग, रिकीब, नाल, तोबरा, चंदी, खरारा. ‘पागा’ हा शब्दही त्याच घरचा. यांतील बरेचसे शब्द फारसीतून किंवा फारसीच्या वाटेने अरबीतून घोडदळाबरोबर आपल्याकडे आले. ‘खोगीर’ या शब्दाने तर मला बराच वेळ थांबवून ठेवले. फारसीत ‘खोय’ म्हणजे घाम आणि ‘गीर’ म्हणजे धरणारा. घोड्याच्या पाठीवरचा घाम टिपून घेणारी जाड घडी ते खोगीर. आपण ‘खोगीरभरती’ म्हणतो तेव्हा त्या घामाची आठवण कुणाला होत नाही आणि घोड्याचीही होत नाही.

या पागेतले सर्वांत वयस्कर मोतद्दार मूळचे माण तालुक्यातले. सगळी पागा त्यांना मामा म्हणते. मीही मामाच म्हणतो. त्यांच्याकडून शब्द घ्यायला गेलो आणि हळूहळू शब्दांमागचे काम समजू लागले. हिवाळ्यातील एका संध्याकाळी मी एका घोडीच्या पाठीवरच्या झुलीवरून हात फिरवत, हिला ऊब मिळत असेल ना, असे विचारले. मामा म्हणाले, “सर, झुलीवरनं हात फिरवून काय कळतंय? खाली घाला की हात.” मी झुलीखाली, खांद्याच्या मागे हात घातला. कातडी कोरडी आणि कोमट होती. “आता कळलं?” ते म्हणाले. “आपल्याला थंडी वाजली म्हणून तिला वाजत न्हाई. आपल्या अंगावरनं तिची थंडी मोजायची न्हाई.”

मामांच्या या वाक्याला शास्त्राचा भक्कम आधार आहे. घोड्याच्या शरीराचे तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि ते राखण्याची त्याची साधने आपल्याहून निराळी आहेत. दिवस लहान होऊ लागले, की प्रकाशातील त्या बदलाने त्याच्या अंगावर हिवाळी लव वाढू लागते. गार वारे आले, की ही लव उभी राहते आणि केसांच्या मुळाशी हवेचा एक थर अडकतो. तो थरच त्याचे खरे पांघरूण. दुसरे साधन त्याच्या पोटात आहे. घोड्याने खाल्लेले गवत मोठ्या आतड्यात आंबते आणि त्या क्रियेतून उष्णता निर्माण होते. म्हणून थंडीच्या रात्री घोड्यासमोर दाण्याची मूठ वाढवण्यापेक्षा सुक्या गवताचा भारा वाढवणे अधिक उपयोगाचे. युरोपातील अभ्यासकांनी घोड्याला आपले तापमान राखण्यासाठी विशेष श्रम पडत नाहीत असा पट्टा साधारण ५ ते २५ अंशांचा मानला आहे. आपल्याकडील घोड्यांची लव तिकडच्या घोड्यांइतकी दाट होत नाही, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे उचलता येणार नाहीत. पण ज्या १२ अंशांत आपण स्वेटर आणि कानटोपी शोधतो, त्यात निरोगी, कोरडा आणि पोटभर खाल्लेला घोडा सुखात असू शकतो, एवढे त्यावरून नक्की समजते.

मग झूल लागते कुणाला? म्हाताऱ्या घोड्याला, आजारी घोड्याला, अंगावर मांस नसलेल्या घोड्याला आणि ज्याचे केस कातरले आहेत अशा घोड्याला. कष्टाचे काम करणाऱ्या घोड्याला दाट लवेमुळे फार घाम येतो आणि तो लवकर वाळत नाही, म्हणून त्याचे केस यंत्राने कातरतात. निसर्गाने दिलेले पांघरूण आपण काढून घेतले, तर त्या जागी दुसरे देण्याची जबाबदारी आपल्यावर येते. शर्यतीच्या जातीचे घोडे मुळातच पातळ कातडीचे आणि बारीक लवेचे असतात. निवृत्तीनंतर त्यांच्यापैकी काही जण अशा स्वारीशाळांत येतात, त्यांनाही थंडीच्या रात्री आधार लागतो. याउलट, लव वाढलेल्या धडधाकट घोड्यावर पातळशी झूल घातली, तर तिच्या वजनाने उभी लव चेपली जाते, हवेचा थर नाहीसा होतो आणि लाभाऐवजी तोटा पदरी पडण्याची शक्यता असते.

झूल निवडताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली जाडी. आजच्या झुलींच्या आत कृत्रिम धाग्याचे भरण असते आणि त्याचे मोजमाप दर चौरस मीटरला किती ग्रॅम असे सांगतात : भरण नसलेली, १०० ग्रॅमची, २०० ग्रॅमची, ३०० ग्रॅमची आणि त्याहूनही जाड. दुसरी गोष्ट कापड. पागेतल्या झुलीला पावसापासून संरक्षणाची गरज नसते, पण अंगातून निघणारी वाफ तिने बाहेर जाऊ दिली पाहिजे. ब्रिटनमधील तबेल्यांत विसाव्या शतकात बराच काळ तागाच्या, आतून लोकरीचे अस्तर लावलेल्या झुली वापरत. तो ताग बंगालचा आणि त्याच्या गिरण्या स्कॉटलंडमधील डंडी शहरात. आपल्याकडे शेतकरी थंडीत जनावराच्या पाठीवर गोणपाट टाकतो, त्याचाच तो साहेबी अवतार म्हणायला हरकत नाही. तिसरी गोष्ट माप. छातीच्या मध्यापासून अंगाच्या कडेने थेट मागे, शेपटीच्या बाजूच्या हाडाच्या टोकापर्यंत फीत धरतात. झूल लहान पडली तर छातीवर आणि खांद्यांवर काचते. मोठी झाली तर मागे घसरते आणि मानेखालच्या उंचवट्यावर सगळे वजन देऊन तिथली कातडी सोलते. एकाच वयाच्या दोन मुलांना एकमेकांचे सदरे जसे नेमके बसत नाहीत, तशीच एकाच उंचीच्या दोन घोड्यांना एकमेकांची झूल बसेलच असे नाही.

निवड एकदाच करायची असते. सांभाळ रोजचा असतो, आणि कौशल्य सगळे त्या सांभाळात आहे. झूल नेमक्या जागेपेक्षा थोडी पुढे ठेवून मग मागे सरकवतात, म्हणजे तिच्याखालचे केस आपल्या दिशेनेच बसतात. घालताना आधी छातीचे बंद, मग पोटाखालचे पट्टे आणि शेवटी मागचे बंद लावायचे. काढताना हा क्रम उलटा. कारण असे, की छातीचे बंद सुटलेले आणि मागचे बांधलेले अशा अवस्थेत घोडा दचकला, तर झूल मागे घसरून त्याच्या पायांत येते आणि भेदरलेल्या घोड्याला आवरणे कठीण होऊन बसते. पोटाखालच्या पट्ट्यात आणि अंगात हाताचा तळवा आडवा मावेल एवढे अंतर ठेवायचे. घामाने निथळणाऱ्या घोड्यावर जाड झूल कधी टाकायची नाही. आधी त्याला हळूहळू चालवायचे, पुसायचे, सुकू द्यायचे. जुने इंग्रज मोतद्दार अशा वेळी ओलसर पाठीवर पेंढ्याचा थर पसरून त्यावर तागाची झूल टाकत, म्हणजे मध्ये हवा खेळती राही आणि पाठ सुकत असे. एका घोड्याची झूल दुसऱ्याला घालायची नाही, कारण गजकर्णासारखे कातडीचे रोग झुलीबरोबर प्रवास करतात. आणि थंडी वाजेल या भीतीने पागेची दारे-खिडक्या गच्च लावायच्या नाहीत. घोड्याच्या मुतातून निघणारा अमोनिया बंद जागेत साठतो आणि त्याच्या फुप्फुसांना थंडीपेक्षा तो अधिक अपाय करतो.

पुण्यासारख्या ठिकाणी या सांभाळाला आणखी एक अडचण येते. जानेवारीत इथे पहाटे पारा १० अंशांच्या खाली उतरतो आणि दुपारी तो तिशीच्या जवळ जातो. पहाटे पाचला जी झूल घोड्यावर उपकार करते, तीच सकाळी दहाला त्याला भाजू लागते. मामांचा नेम असा, की उन्हाची तिरीप ठाणावर आली, की प्रत्येक घोड्यापाशी जायचे, झुलीखाली हात घालायचा आणि मग ती काढायची. नुसती काढून भागत नाही, आधी हात घालायचा. रात्री तो जनावर गारठला होता की घामेजला होता, हे त्या हातालाच कळते आणि आजच्या रात्री कोणती झूल घालायची ते त्यावरून ठरते.

या साध्या नेमाचे मोल किती, हे दोन हिवाळ्यांपूर्वी सगळ्या पागेला कळले. डिसेंबरमध्ये मालकांनी सगळ्या घोड्यांसाठी एकसारख्या, निळ्या रंगाच्या, चांगल्या जाड झुली आणल्या. त्यांच्या मनात घोड्यांविषयी माया होती. त्या वर्षी थंडीही बऱ्यापैकी पडली होती. त्याच सुमारास लेकीच्या बाळंतपणासाठी मामा महिनाभर गावी गेले. मागे राहिलेली पोरे कामाची होती, पण नवखी होती. स्वारीचे घोडे रोज बाहेर काढावे लागत, खोगीर घालण्यासाठी त्यांची झूल उतरत असे. मात्र चांदणी नावाची एक बावीस वर्षांची घोडी होती. एकेकाळची शर्यतीची, आता कुणी तिच्यावर बसत नसे. तिला बाहेर काढण्याचे काही कारण नव्हते, म्हणून तिची झूल उतरण्याचेही कारण उरले नाही. येणाजाणारे म्हणत, म्हातारी किती छान दिसते आहे. जाड झुलीने तिची पाठ भरीव, गोल दिसत होती.

त्या महिन्यात परीक्षांच्या कामामुळे मी पागेत गेलो नव्हतो. मामा परतले त्या दिवशी मात्र मी तिथे होतो. पिशवी खाली ठेवून ते नेहमीसारखे एकेका ठाणापाशी जाऊ लागले. चांदणीच्या झुलीखाली त्यांनी हात घातला आणि तो बराच वेळ तिथेच राहिला. मग काही न बोलता त्यांनी मागचे बंद सोडले, पोटाचे पट्टे सोडले, छातीचे बंद सोडले आणि झूल उचलून खाली टाकली. आमच्यासमोर बरगड्यांचा सापळा उभा होता. खांद्यावर काचून झालेली जखम होती, पाठीची लव घामाने चिकटून गेली होती. मामांनी तिच्या पायांपाशी पडलेला, अर्धवट चघळून टाकलेल्या गवताचा एक ओला बोळा उचलला आणि पोरांना एवढेच विचारले, “हे किती दिवस पडतंय?”

त्या बोळ्यात उत्तर होते. घोड्याचे दात आयुष्यभर झिजतात आणि झीज भरून काढण्यासाठी हिरडीतून वर सरकत राहतात. म्हातारपणी ते सरकणे संपते, दाढा वेड्यावाकड्या होतात आणि गवत नीट चावले जात नाही. चांदणीसमोर वैरण पडत होती, पण ती पोटात जात नव्हती. दिवसेंदिवस ती वाळत चालली होती आणि झूल तिचे वाळणे झाकत होती. पशुवैद्य आले. त्यांनी दाढांची टोके घासून सारखी केली, भिजवलेला कोंडा आणि बारीक कापलेला मऊ चारा सुरू करायला सांगितले आणि असे आणखी काही आठवडे गेले असते तर आपण काही करू शकलो नसतो, असेही सांगितले. मालक खिन्न होऊन म्हणाले, “अहो, तिला ऊब मिळावी म्हणून तर आणली होती.” ते खरेच होते. गुढीपाडव्यापर्यंत चांदणीच्या बरगड्या पुन्हा मांसाने झाकल्या. त्या वर्षापासून पागेत सकाळी प्रत्येक झूल उतरलीच पाहिजे असा नियम झाला. स्वारी असो वा नसो.

आता भाषेच्या विद्यार्थ्याला पडणारा एक प्रश्न. घोड्याला बोलता येत नाही म्हणून आपल्याला हात घालावा लागतो; त्याला बोलता आले असते तर? नॉर्वेतील संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी २३ घोड्यांना तीन पांढऱ्या फळ्यांची ओळख करून दिली. एकीवर आडवी काळी पट्टी, तिचा अर्थ ‘झूल घाला’. दुसरीवर उभी पट्टी, तिचा अर्थ ‘झूल काढा’. तिसरी कोरी, म्हणजे ‘आहे तसेच राहू द्या’. घोड्याने नाकाने फळीला स्पर्श करायचा आणि माणसाने त्याप्रमाणे वागायचे. दोन आठवड्यांत सगळे घोडे हे शिकले. पुढे ऊन असताना त्यांचा कल झुलीविना राहण्याकडे आणि गार, ओल्या, वाऱ्याच्या दिवसांत झूल मागण्याकडे दिसून आला.

चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे सोस्यूरचे प्रतिपादन तुम्ही अभ्यासले आहे. आडव्या पट्टीत ऊब नाही आणि उभ्या पट्टीत गारवा नाही. तरीही त्या घोड्यांनी ही यादृच्छिक चिन्हे आपल्या गरजेशी जोडली आणि योग्य वेळी वापरली. याला मानवी भाषेच्या अर्थाने भाषा म्हणता येणार नाही. तीन चिन्हे जोडून नवे वाक्य करणे त्यात नाही. पण मला त्या प्रयोगातील दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. घोड्यांना सांगता आले, कारण समोर कुणीतरी विचारणारे होते आणि उत्तर मिळाल्यावर त्याप्रमाणे वागणारेही होते. आपल्या पागांत अशा फळ्या नाहीत. तरी घोडा सांगतच असतो : थरथरणाऱ्या कातडीने, आखडलेल्या अंगाने, घामेजलेल्या खांद्याने, तोंडातून गळलेल्या गवताच्या बोळ्याने. चांदणी महिनाभर रोज सांगत होती. सांगणाऱ्याची त्यात काही उणीव नव्हती.

मित्रहो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी गोठा असेल. दिवसभराचे काम आटोपून, जनावरांना वैरण घालून तुम्ही रात्री ही पुस्तिका उघडत असाल. काहींच्या घरी थकलेले आई-वडील असतील आणि झोपण्यापूर्वी तुम्ही त्यांच्या अंगावर आणखी एक गोधडी टाकत असाल. ती टाकण्यामागची माया खरीच असते. पण माया आपल्याला वाजणाऱ्या थंडीवरून अंदाज बांधते, आणि पांघरूण जितके जाड, तितके त्याच्याखालचे आपल्याला कमी दिसते. म्हणून पांघरूण घालून झाल्यावरचे काम विसरू नका. सकाळी ते उचलून पाहा. माणूस असेल तर विचारा आणि तो सांगेल ते ऐका. मुके जनावर असेल तर मामांनी मला सांगितले तेच करा. हात वरून फिरवू नका, खाली घाला.